पाहुण्यांचा दिवस

४ नोव्हेंबर

आज अध्यक्षांनी भर सभेत मला कोंडीत पकडलं. नगरसभेपुढे मी बोलायला उभी होते. बालगृह बंद करा, मुलं भिंतींच्या नाही, माणसांच्या हवाली करा, संगोपनासाठी घराघरांत द्या. बोलणं रंगात आलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बाईसाहेब, लोकांच्या घरांत मुलं द्यायची हे पटलं. तुमच्या घरात किती दिलीत?"

हशा. दुसऱ्याच्या फजितीइतकं गोड लोकांना दुसरं काही लागत नाही.

मी म्हणाले, "एक. पुढच्या आठवड्यात या बघायला."

टाळ्या पडल्या, हशापेक्षा मोठ्या. घराच्या वळणावर आल्यावर लक्षात आलं, यांना विचारलेलंच नाही.

हे पुढच्या खोलीत, म्हणजे यांच्या बांधणीच्या खोलीत, पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत बसले होते. जुनी पुस्तकं उसवायची, शिवायची, नवे पुठ्ठे चढवायचे, यातच यांचा जन्म गेला. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडे एक मूल येणार आहे."

"बांधायला, का ठेवून घ्यायला?"

यांच्याशी गंभीर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आम्हाला मूल झालं नाही त्याबद्दलसुद्धा या माणसाने कधी एक सरळ वाक्य उच्चारलं नाही, विनोद तेवढे केले. पण थोड्या वेळाने माळ्यावरून लहान स्टूल काढून त्याचा डुगडुगता पाय ठोकताना दिसले. म्हणजे हरकत नाही.

७ नोव्हेंबर

बालगृहात जाऊन आले. उंच छत, दगडी फरशी, खाटांची सरळ रांग, फिनेलचा वास. मी पुस्तकांत वाचलेलं सगळं तिथे उभं होतं. जुन्या काळी परदेशांत अशा घरांच्या भिंतीतच फिरता पाळणा असे. बाहेरून मूल ठेवायचं, घंटा वाजवायची, पाळणा आत फिरायचा. आई बाहेर, मूल आत, कुणाला कुणाचं तोंड दिसू नये अशी सोय. शेकडो वर्षांत आपण काय केलं? पाळणा काढला. भिंत तशीच ठेवली.

(हे भाषणात घ्यायचं.)

मुलं मोठ्या दालनात ओळीने उभी होती. पांढरे कपडे, ओले विंचरलेले केस. तिथल्या सगळ्या सेविकांना मुलं मावशी म्हणतात. त्यांतल्या सर्वांत जुन्या त्या मोठ्या मावशी. त्या दारापाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी अजून कुणाकडे नीट पाहिलंही नव्हतं, तोच सहासात वर्षांची एक मुलगी ओळ सोडून पुढे आली आणि तिने माझ्या हातात हात दिला. त्या गारठलेल्या दालनात तिचा हात ऊबदार होता! तिने तो दोनदा दाबला. जणू विचारलं: येऊ? येऊ?

मी तिला निवडलं नाही. तिने मला निवडलं.

"चांगली आहे पोरगी," मोठ्या मावशी म्हणाल्या. "रडत नाही. दोन घरी जाऊन आलीये."

"जाऊन आलीये म्हणजे?"

"परत दिली त्यांनी."

"परत? चपला आहेत का, चावल्या म्हणून परत करायला?"

"चपला निदान घरी नेण्याआधी पायात घालून बघतात, बाई."

उद्धट बाई आहे. भिंतींत जन्म काढला की माणसाचीही भिंत होते. निघताना मुलीच्या खांद्याला एक कापडी पिशवी अडकवली आणि वाकून सांगितलं, "पिशवी दाराजवळच्या खुंटीलाच लावायची हं. कपाटात नाही." शिस्त! शिस्तीशिवाय दुसरं काय आहे यांच्याकडे द्यायला?

१३ नोव्हेंबर

मूल रुळलं. लोक उगाच बाऊ करतात. सांगितलं की उठते, वाढलं तेवढं खाते, ताट स्वतः घासते. मला "बाई" म्हणते, "तुम्ही" म्हणते. "बाई, तुमचा चष्मा." "बाई, तुम्हाला पाणी देऊ?" असं गोड मूल कुणी परत कसं देऊ शकतं?

यांच्याशी मात्र तिचं अजिबात पटत नाही. सकाळपासून पुढच्या खोलीत दोघांची वादावादी चालू असते. आज भिंतीआडून ऐकलं:

"ए, तू खळ परत पातळ केलीस. गळतेय बघ."

"माझी खळ आहे. मी चाळीस वर्षं करतोय."

"मग चाळीस वर्षं चुकतोयस."

"तू कोण गं मोठी मुकादम?"

"आहेच मी मुकादम. सरक तिकडे. माझ्या स्टुलावर पाय ठेवू नकोस."

मी आत जाऊन दटावलं. मोठ्या माणसाला असं बोलतात? ती लगेच सरळ उभी राहिली, "चुकलं, बाई," म्हणाली. हे मात्र माझ्याकडे रागाने बघत राहिले. आता तिला मुकादम म्हणूनच हाक मारतात. ती खळीने बरबटलेले हात यांच्या मानेला लावते आणि हे ओरडतात, "बर्फ! बर्फ! मेलो!" पन्नाशी उलटलेला माणूस, पण पोरकटपणा जात नाही.

आश्चर्य म्हणजे माझ्या हाताला तिचा हात नेहमी ऊबदार लागला. असतं एकेकाचं.

२२ नोव्हेंबर

वन्सं आल्या होत्या. यांची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. दारातूनच सुरू. "बघू तरी वहिनीचं भाषण कसं दिसतं. चालतं का, बोलतं का?"

मुलीने मान वर करून मला विचारलं, "बाई, या पाहुण्या आहेत?"

"हो. जा, छान कपडे घालून ये."

ती पांढरा फ्रॉक घालून आली. केस ओले करून विंचरलेले. दोन्ही हात काखेत घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसली. मला वाईट वाटलं. थंडीत पोरीला स्वेटर नाही! वन्सं चहा पिऊन उठल्या तशी ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातात हात दिला.

"अगंबाई, किती ऊबदार हात!" वन्सं विरघळल्याच. "वहिनी, ही तर माझ्याबरोबर यायला निघालीये. बघ, पिशवीसुद्धा घेतलीन्!"

खरंच तिने खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली होती. आम्ही खूप हसलो. हे हसले नाहीत. वन्सं एकट्याच गेल्यावर मुलगी बराच वेळ दाराकडे बघत उभी राहिली आणि मग पुढच्या खोलीत धावली. "ए, माझ्या स्टुलावर कुणी बसलं का?"

खरं लिहायचं तर मला थोडं लागलं. जो हात मला दिला तोच वन्संना. पण मूल प्रेमळ आहे, इतकंच.

उद्या स्वेटर आणायचा.

५ डिसेंबर

शेजारच्या शहरात सभा. मुलीला बरोबर नेलं. माझी युक्ती साधी आहे. शंभर युक्तिवाद एका पारड्यात आणि एक जिवंत मूल दुसऱ्या पारड्यात. सकाळी तिला म्हटलं, "आज खूप पाहुणे असणार आहेत." पोरीची हौस काय सांगावी! मी सांगण्याआधी न्हाली, पांढरा फ्रॉक घातला, पिशवी घेतली. नव्या स्वेटरला हात लावला नाही. मुलींना लहानपणापासून नटायला आवडतं.

भाषण चढलं. मी म्हटलं, "मित्रहो, त्या गोठलेल्या दालनात हिचा हात ऊबदार होता. सबंध संस्था मिळून जी ऊब विझवू शकली नाही, ती या मुठीत होती. तिने माझा हात दोनदा दाबला. येऊ? येऊ? मी तुम्हाला विचारते, तुम्ही काय उत्तर दिलं असतंत?"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी स्वतः गहिवरले. सभा संपल्यावर मुलीने आयोजकांच्या हातात हात दिला, त्यांच्या बायकोच्या, आणि तिथल्या ग्रंथपालाच्याही. सगळे तिच्यावर लुब्ध.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ती विचारत राहिली, "आपण घरी चाललोय? दोघीही?" सभेचा आनंद ओसरत नव्हता तिचा. घरी आल्यावर वाढलेलं सगळं संपवलं आणि पुन्हा मागून खाल्लं.

१९ जानेवारी

दीड महिना लिहायला सवड नाही. सभांमागून सभा. नगरसभेत ठराव मार्चमध्ये येतोय. अध्यक्ष नरमले आहेत. कामगारांच्या वस्तीत, महाविद्यालयात, वकिलांच्या संघात, सगळीकडे मुलीला घेऊन गेले. "ऊबदार हात" हे आता लोकच म्हणू लागले आहेत. मी उभी राहिले की मागून कुणीतरी ओरडतं, "बाई, हाताची गोष्ट सांगा!"

आज यांनी खळ ढवळता ढवळता विचारलं, "पांढरा फ्रॉक घातला की ही सकाळपासून जेवत नाही. तुझ्या लक्षात आलंय?"

"उत्साहात मुलं जेवत नाहीत."

"हं. उत्साहात." मग म्हणाले, "मलाही एक पांढरा सदरा शिवून दे. माझंही पोट जरा आत जाईल."

काही म्हणायचं असेल तर म्हणावं. पण नाही. गोष्ट जिभेवर आली की तिला विनोदाचं वेष्टण चढवायचं आणि फडताळात टाकायची. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना कव्हरं घातली की हे होतं.

२ फेब्रुवारी

सभा रद्द झाली म्हणून घरी होते. दुपारी पुढच्या खोलीतून किंचाळण्याचा आवाज. धावले. मुलगी जमिनीवर लोळून रडत होती, पाय आपटत होती. कारण काय, तर यांनी तिने शिवलेली वही उसवली. टाके तिरके होते म्हणून.

"तू दुष्ट आहेस! तू मला न विचारता उसवलीस! मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही!"

"नको बोलूस. पण दोरा ओवून दे."

"नाही देणार!" आणि हुंदके देत दोरा ओवून दिला.

मी सुन्न झाले. माझ्याजवळ हे मूल एकदाही रडलेलं नाही. यांच्यात असं काय आहे की शहाण्या मुलाचा असा अवतार व्हावा? मी यांना बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्हाला मूल हाताळता येत नाही. तुमच्यामुळे ती बिघडतेय."

हे म्हणाले, "हो ना. चांगली बिघडतेय." आणि चक्क हसले.

११ मार्च

विजय! ठराव संमत झाला. बालगृह बंद.

पण सगळं नीट लिहायला हवं, कारण दिवस जसा सुरू झाला तसा संपला नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. बाहेर पटांगणातही लोक. मी आज सगळं वाचन ओतलं. जुन्या काळी काही देशांत अनाथ मुलांचा लिलाव होत असे. उलटा लिलाव. जो सगळ्यांत स्वस्तात सांभाळायला तयार, त्याला मूल. आणखी एके ठिकाणी मुलांना आगगाडीत भरून दूरच्या गावांना पाठवत. प्रत्येक स्टेशनवर उतरवून फलाटावर, नाटकगृहाच्या रंगमंचावर उभं करत. शेतकरी येऊन दंड दाबून बघत, दात बघत. "बाजारात बैल उभा करावा तसं मूल उभं केलं!" मी ओरडले. "न्हाऊ घालून, भांग पाडून! त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार त्या सज्जनांपैकी एकाने तरी केला का?"

मागच्यांना मुलगी दिसत नव्हती. "उभी करा, उभी करा" असा गलका झाला. मी तिला उचलून टेबलावर उभं केलं. ती हात काखेत धरून उभी राहिली. मग मी हाताची गोष्ट सांगितली. अध्यक्षांनी रुमाल काढला. हात वर झाले. ठराव पास.

त्यानंतर अर्धा तास अभिनंदनं, हार, हस्तांदोलनं. आणि मग कुणीतरी विचारलं, "छोटी कुठाय?"

नव्हती. खोल्या पाहिल्या, पटांगण पाहिलं, विहिरीकडे माणूस पाठवला. मला काही सुचेना. हे सायकल घेऊन आले. यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पहिल्या रांगेत कोण कोण होतं ते विचारून घेतलं आणि निघून गेले. संध्याकाळ उतरताना तिला पुढच्या दांडीवर बसवून घेऊन आले.

पहिल्या रांगेत एक जोडपं होतं. सभेआधी ती बाई मला म्हणाली होती, "अशी एक मुलगी आम्हालाही हवी हो." मी घाईत होते. म्हटलं, "नक्की. व्यवस्था करू." सभा संपल्यावर मुलीने त्या बाईच्या हातात हात दिला, पिशवी दाखवली आणि म्हणाली, "मी तयार आहे." त्यांना वाटलं, मीच पाठवली. सरळ घरी घेऊन गेले आणि आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. भली माणसं, पण अक्कल?

मी मुलीला विचारलं, "असं का केलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही टेबलावर चढवलंत ना, बाई." एवढंच. काय संबंध?

यांनी तिला पुढच्या खोलीत नेलं. ती यांच्यावर डाफरत होती, "तू यायला एवढा वेळ का लावलास?"

१८ मार्च

देखरेख समितीच्या बाई चौकशीला आल्या. तरुण आहेत, नीटनेटक्या, माझी भाषणं ऐकून या कामात आल्या म्हणे. संगोपनाचे नियम या ठरावासोबत लागू झाले आणि ते मी लिहिलेत. ज्या घरातून मूल हरवेल तिथून ते हलवावं, गय करू नये. मीच आग्रह धरला होता. मूल राबवून घेणाऱ्या, मूल गमावूनही हात झटकणाऱ्या घरांच्या कथा मी वाचल्या होत्या. त्या घरांसाठी होता तो नियम.

बाई म्हणाल्या, "ताई, मला तुमच्या घरातून मूल काढायचं नाही. एक मार्ग आहे. वर्षभर दौरे थांबवा. तिला सभेत नेऊ नका. घरी राहा. मी तसं लिहिते, ती इथेच राहील."

हे खळीचे हात पुसत पुढे आले. "मी घरीच असतो."

"काका, नियमात पहिलं नाव बाईचंच लागतं. पुरुषाच्या एकट्याच्या भरवशावर मूल ठेवता येत नाही."

तोही नियम माझाच. आणि तो योग्यच आहे.

"विचार करा, मी परवा येते," म्हणून बाई गेल्या. मुलगी दाराआड उभी होती. सगळं ऐकलं असावं. आत जाऊन तिने स्टूल शिकंज्याखाली ढकलून ठेवलं.

१९ मार्च

विचार केला. रात्रंदिवस करते आहे. आमचं एक बालगृह बंद झालं, पण प्रांतात अशी किती उभी आहेत! लोखंड तापलंय. आज थांबले तर वर्षाने कोण ओळखणार? एका मुलीचं वर्ष एका बाजूला, हजारो मुलांचं आयुष्य दुसऱ्या बाजूला. जिथे भावना आणि कर्तव्य समोरासमोर येतात तिथे...

हे मध्येच म्हणाले, "वर्षच आहे गं."

इतक्या वर्षांत यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी यांना समजावलं. चांगलं समजावलं. इतिहास सांगितला. ज्यांनी ज्यांनी काही बदललं त्यांनी घराची राखरांगोळी केली, तेव्हा कुठे जगाच्या चुली पेटल्या. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "टाळ्या वाजवू का?"

हा विनोद नव्हता. पण विनोदासारखंच बोलले.

तिला चांगलं घर मिळेल. आता तर लोक रांगा लावून उभे आहेत, माझ्याच भाषणांमुळे.

२० मार्च

मुलगी गेली.

कुणी सांगायच्या आधी न्हाऊन बसली होती. पांढरा फ्रॉक आता गुडघ्यांच्या वर आलाय, इतकी वाढली. हात काखेत. समितीच्या बाई आल्या तशी उठली आणि त्यांच्या हातात हात दिला. दोनदा दाबला. बाईंचे डोळे भरून आले. मला वाकून म्हणाली, "बाई, तुम्ही माझं खूप केलंत." कुणी शिकवलं नव्हतं! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग हे पिशवीत काहीतरी घालायला पुढे झाले. तिने शिवलेली ती वही. आणि पोरीने काय करावं? यांच्या मनगटाला कडकडून चावली. खळीचं भांडं उचलून भिंतीवर फेकलं. "तू वाईट! तू सगळ्यांत वाईट! तू मला का आणलंस सायकलवरून! का आणलंस!" समितीच्या बाईंना तिला उचलून न्यावं लागलं. वळणापर्यंत किंकाळ्या ऐकू येत होत्या. अख्ख्या गल्लीने ऐकल्या.

यांच्यावर तिचा पहिल्यापासूनच राग. शेवटी बाहेर आलाच. माझा निरोप मात्र तिने शांतपणे घेतला. तेवढंच समाधान.

हे बांधणीच्या खोलीत जाऊन बसलेत. भिंतीवरून खळ ओघळतेय. "पुसून घ्या, डाग पडेल," म्हटलं. "पडू दे," म्हणाले.

२ एप्रिल

बालगृहातून घराघरांत गेलेल्या मुलांपैकी काही परत आली. परत यायला बालगृह उरलेलं नाही, म्हणून त्यांना मोठ्या शहरातल्या संस्थेत पाठवताहेत. आमची मुलगीही, समितीच्या बाईंनी कळवलं, "तूर्त" तिथेच आहे. तूर्त हा शब्द मला आवडत नाही. पण बदलाच्या काळात थोडी पडझड होतेच.

हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. विनोद बंद. मला वाटलं नव्हतं की त्यांची उणीव भासेल.

२६ एप्रिल

मोठ्या शहरात आहे. संध्याकाळी सभा होती, दुपार मोकळी, म्हणून त्या संस्थेत गेले. मुलीसाठी रंगपेटी घेतली होती.

फाटकातून आत शिरले तर अंगणात मोठ्या मावशी! आमचं बालगृह बंद झाल्यावर इथे लागल्या म्हणे. मी आलेलं त्यांनी पाहिलं नाही. बाकावर बसल्या होत्या आणि पुढे मुलांची ओळ. एकेक मूल येई आणि त्यांच्या हातात हात देई.

"गार आहे. जा, परत काखेत धर. गार हात कोण घेईल? ... हां, तू. दोनदाच दाबायचा रे. एकदा दाबलास तर पाहुण्यांना कळत नाही. तीनदा दाबलास तर चिकट वाटतं. दोनदा. आणि वर बघायचं. ... शाबास. पुढचा."

मी तिथेच उभी राहिले.

त्यांनी वर पाहिलं. लाजल्या नाहीत. "या, बाई. तुमची गेली. गेल्या आठवड्यातच. पाहुण्यांचा दिवस होता. चांगली माणसं वाटली." थांबून म्हणाल्या, "यातल्या अर्ध्यांना तिनेच शिकवलंय. माझ्यापेक्षा बरं."

"तुम्ही यांना हे शिकवता?" मी म्हटलं.

"मग काय शिकवू? कविता? जी पोरं कोपऱ्यात उभी राहतात ती कोपऱ्यातच राहतात. तुम्ही आवाज तापवता, आम्ही हात तापवतो. कुणी घेऊन जावं एवढंच ना?"

मी विचारलं. का विचारलं देव जाणे. "आणि तो पांढरा फ्रॉक?"

"तो पाहुण्यांच्या दिवसाचा. एरवी आम्ही घालूच देत नाही. तो घातला की पोरांना कळतं, आज जायचंय." माझ्याकडे नीट बघत त्या म्हणाल्या, "का? तुमच्याकडे घालायची का?"

वन्सं आल्या तो दिवस. शेजारच्या शहरातली सभा. कामगार वस्ती, महाविद्यालय, वकील. बसमधला तो प्रश्न: आपण घरी चाललोय? दोघीही? आणि ते टेबल.

आणि ज्याला तिने कधी ऊबदार हात दिला नाही, तो एकटाच माणूस.

रंगपेटी ओळीतल्या कुठल्यातरी मुलाच्या हातात दिली. त्याने ती बगलेत मारली, मोकळा झालेला हात माझ्या हातात दिला आणि दोनदा दाबला.

संध्याकाळची सभा टाळता आली असती. डोकं दुखतंय म्हणाले असते तर कुणी अडवलं नसतं. मी गेले. तीन वाक्यं बोलले असेन, तोच मागून आवाज आला, "बाई, हाताची गोष्ट!" मग दुसरा. मग सगळेच.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. हजार चेहरे वर बघत होते, वाट बघत. त्यांना माहीत होतं कुठे रडायचं. आणि माझ्या तोंडून आलं, "मित्रहो, त्या गोठलेल्या दालनात तिचा हात ऊबदार होता..."

शब्दन् शब्द तोच. थांबायच्या जागा त्याच. दोनदा दाबला म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा, हवा तेवढाच कापला. लोक रडले. इथलीही संस्था बंद होईल, मला शंका नाही.

व्यासपीठावरून उतरताना इथल्या नगराध्यक्षांनी हात पुढे केला. थंडी नव्हती, तरी मी दोन्ही हात काखेत धरून उभी होते, हे तेव्हा ध्यानात आलं. मी हात दिला. "किती ऊबदार हात आहे, बाई तुमचा," ते म्हणाले.

मी तो दोनदा दाबला, आणि वर पाहिलं.